पडदा हलला नाही तेव्हा

सन १०३७. कॉन्स्टँटिनोपलमध्ये सलग सहा महिने पावसाचा थेंब पडलेला नव्हता. तेव्हा सम्राट चौथा मिखाईल याचे भाऊ देवाला साकडं घालायला पायी निघाले. थोरल्या योआन्नीसच्या हातात एक वस्त्र होतं. त्यावर ख्रिस्ताचा चेहरा आपोआप उमटला, अशी सगळ्यांची श्रद्धा होती. दुसरा भाऊ साम्राज्याचा सरसेनापती. ख्रिस्ताने एडेसाच्या राजाला लिहिलेलं म्हणून जपलेलं पत्र त्याने घेतलं होतं. तिसऱ्याकडे बाळ येशूची दुपटी होती. राजवाडा शहराच्या आग्नेय टोकाला आणि ब्लाखेर्नेचं देवमातेचं मंदिर वायव्य टोकाला, तटाशी. म्हणजे अख्खं शहर त्यांनी चालत ओलांडलं. पॅट्रिआर्कने, म्हणजे तिथल्या महाधर्मगुरूने, आपल्या पुरोहितांसह वेगळी मिरवणूक काढली. पाऊस आला नाही. गारपीट झाली. झाडं मोडून पडली, शहरभर घरांवरची कौलं फुटली. मग योआन्नीसने पेलोपोनीज आणि ग्रीसच्या मुलखातून एक लाख मापं धान्य विकत आणवलं, तेव्हा कुठे लोकांच्या पोटाला आधार मिळाला.

योआन्नीस स्किलित्झीस या इतिहासकाराने हा सगळा प्रसंग मोजक्या ओळींत सांगितला आहे. स्किलित्झीस न्यायखात्यातला, दरबारात वरच्या हुद्द्यांवर काम केलेला माणूस. याच सम्राटाच्या काळातली संकटं त्याने इतरत्र देवाचा कोप म्हणून नोंदवली आहेत. इथे मात्र तो काहीच म्हणत नाही. मिरवणूक निघाली, पाऊस आला नाही, गारा पडल्या, धान्य आणलं. चारही गोष्टी एकाच सुरात. त्या पवित्र वस्तू परत राजवाड्यात नेताना त्या भावांच्या मनात काय होतं, हे विचारायला तो थांबत नाही. पण वाचणारा थांबतो. या संग्रहासाठी उतारे निवडायला बसलो, तेव्हा मी याच ओळींपाशी थांबलो, आणि पुढची निवड त्यांनीच ठरवली.

बायझंटाइन भक्तीची ओळख आपल्याला बहुधा स्तोत्रांतून, चित्रांतून किंवा संतचरित्रांतून होते. या सगळ्यांत प्रार्थनेला उत्तर मिळतं. संतचरित्र तर त्यासाठीच लिहिलेलं असतं. आंधळ्याला दृष्टी आली नाही, तर ती कथा कुणी लिहून ठेवत नाही. इतिहासकाराला ही मोकळीक नसते. लढाई कशी संपली, शहर कुणी जिंकलं, दुष्काळ किती महिने टिकला, हे त्याला आणि त्याच्या वाचकांना आधीच ठाऊक असतं. त्यामुळे हात जोडलेली माणसं इतिहासग्रंथांत प्रार्थनेनंतरही दिसत राहतात. उत्तर आलं नाही की ती काय करतात, कुठे जातात, पुन्हा येतात का, हे इथे कळतं. त्या समाजाची भक्ती मला इथेच सगळ्यात खरी दिसली, आणि या संग्रहातले बहुतेक उतारे त्या दृष्टीने निवडले आहेत.

हे लोक कोण, ते थोडक्यात सांगतो. ‘बायझंटाइन’ हे नाव त्यांचं नव्हे. ते सोळाव्या शतकातल्या युरोपीय अभ्यासकांनी रूढ केलं, तेव्हा ते साम्राज्य लयाला जाऊन शंभर वर्षं होऊन गेली होती. ते स्वतःला रोमन म्हणवत, बोलत-लिहीत ग्रीक. राजधानी ३३० मध्ये सम्राट कॉन्स्टँटाइनने वसवली आणि १४५३ मध्ये ती ओटोमन तुर्कांच्या हाती गेली. एवढ्या अकराशे वर्षांत इतिहास लिहिण्याच्या दोन वाटा तिथे होत्या. एक शकावलीची. सृष्टीच्या उत्पत्तीपासून वर्षं मोजायची, प्रत्येक वर्षाखाली राजे, धर्मगुरू, भूकंप, धूमकेतू नोंदवायचे, भाषा साधी ठेवायची. दुसरी वाट थ्युसिडिडीससारख्या प्राचीन ग्रीक इतिहासकारांना गुरू मानणाऱ्यांची. त्यांची भाषा पंडिती, वाक्यं लांब, आणि लढाया नि दरबार हा मुख्य विषय.

या दुसऱ्या वाटेवर एक गंमतीची अडचण होती. थ्युसिडिडीसच्या ग्रीकमध्ये चर्च, बिशप, मठवासी हे शब्दच नाहीत. मग सहाव्या शतकातला प्रोकोपियस आपल्या युद्धांच्या इतिहासात ‘ज्या देवळाला ख्रिस्ती लोक चर्च म्हणतात’ अशा धाटणीने लिहितो, जणू तो स्वतः परका पाहुणा आहे. तोच प्रोकोपियस हागिया सोफियाबद्दल लिहू लागला की मात्र हा दुरावा गळून पडतो. ५३२ च्या जानेवारीत दंगलीत जुनं चर्च जळालं आणि ५३७ च्या डिसेंबरात नव्याचं उद्घाटन झालं. अवघ्या सहा वर्षांच्या आत ती अफाट वास्तू उभी राहिली. गर्भगृहाच्या सजावटीला ४०,००० पौंड चांदी लागली, हा आकडा तो देतो. आणि मग, घुमट भिंतींवर टेकलेला वाटतच नाही, आकाशातून सोन्याच्या साखळीने टांगल्यासारखा वाटतो, असं लिहून जातो. आत शिरणाऱ्याचं मन वर उचललं जातं आणि देव दूर नाही असं त्याला वाटतं, हेही तो सांगतो. हे वर्णन ज्या पुस्तकात आहे, ते सम्राटाच्या स्तुतीसाठी लिहिलेलं, हे खरं. तरी त्या ओळींमागे मान वर करून घुमटाकडे बघत राहिलेला एक माणूस आहे. तो घुमट ५५८ मध्ये कोसळला आणि नव्याने बांधावा लागला.

उत्तर आलं, आणि असं आलं की पुढची आठशे वर्षं लोक त्याच्या आठवणीवर जगले, असा एक प्रसंग आहे. तो आधी सांगायला हवा, नाहीतर पुढच्या मौनांचं वजन कळणार नाही. ६२६ चा उन्हाळा. सम्राट हेराक्लियस पर्शियनांशी लढायला दूर पूर्वेला गेलेला. इकडे युरोपच्या बाजूने आवार टोळ्यांच्या खानाने राजधानीला वेढा घातला, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर पर्शियन सैन्य येऊन ठेपलं. शहरात पॅट्रिआर्क सर्गियस होता. त्याने पवित्र प्रतिमा हातात घेऊन तटावरून फेरी काढली. खानाबरोबर आलेले स्लाव्ह लोक झाडांचे बुंधे कोरून केलेल्या होड्यांतून खाडीत उतरले आणि ब्लाखेर्नेच्या मंदिराजवळच्या पाण्यात त्यांचा फडशा पडला. ७ ऑगस्टला वेढा संपला. त्याच काळात लिहिल्या गेलेल्या ‘पास्खा शकावली’च्या निनावी कर्त्याने एक बारीक नोंद ठेवली आहे: भारदस्त पोशाखातली एक बाई एकटीच तटावरून धावताना आपण पाहिली, असं खुद्द खान म्हणाला. साक्ष शत्रूच्या तोंडची आहे, याकडे लक्ष द्यावं. शहरातल्या कुणाला ती बाई दिसली, असं लेखक इथे म्हणत नाही.

तेव्हापासून देवमाता ही या शहराची राखणदार झाली. तिची वस्त्रं, तिची चित्रं, तिचं ब्लाखेर्नेचं मंदिर हे तटबंदीइतकंच संरक्षणाचं साधन मानलं जाऊ लागलं. पुढचे इतिहासकार तिच्या प्रतिमेचा उल्लेख सैन्याच्या हालचालींच्या वर्णनातच करतात, कंसात टाकल्यासारखा किंवा सवडीने जोडल्यासारखा नव्हे. आजचा वाचक अशी वाक्यं भराभर ओलांडून पुढच्या ‘खऱ्या’ घडामोडींकडे जातो. मीही सुरुवातीला तसंच वाचलं. पण प्रतिमा कुठे होती, कुणाच्या हातात होती, पुढे होती की मागे, हे ते लोक सैन्याच्या मांडणीइतक्याच काळजीने लिहून ठेवत होते, हे ध्यानात आल्यावर मला सगळी पुस्तकं पहिल्यापासून वाचावी लागली.

आकाश बोललं, पण काय बोललं यावर एकमत झालं नाही, असंही घडलं. ७२६ च्या उन्हाळ्यात एजियन समुद्रात थीरा बेटापाशी पाण्याखालचा ज्वालामुखी फुटला. समुद्रातून भट्टीसारखी वाफ उसळली, आणि तरंगणारे सच्छिद्र दगड थेट आशिया मायनरच्या आणि मॅसिडोनियाच्या किनाऱ्यांपर्यंत पोचले. सम्राट तिसरा लिओ याने अर्थ लावला: लोक चित्रांपुढे लोटांगण घालतात म्हणून देव रागावला आहे. थिओफानीस हा भिक्षू जवळजवळ ९० वर्षांनी हीच घटना लिहितो आणि म्हणतो, देव लिओवरच रागावला होता, आणि लिओने तो राग आपल्या बाजूचा समजला. एकच राख, एकच धूर, दोन अर्थ. थिओफानीसने हे लिहिलं ते सुखात बसून नव्हे. ८१५ मध्ये प्रतिमांवर पुन्हा बंदी आली तेव्हा तो झुकला नाही, कैदेत पडला आणि ८१८ मध्ये सामोथ्राकी बेटावर हद्दपारीत वारला. त्याच्या शकावलीत शत्रूबद्दलची जी चीड आहे, लिओच्या मुलाला लावलेली जी अर्वाच्य विशेषणं आहेत, ती या पार्श्वभूमीवर वाचावीत. आणि हेही लक्षात ठेवावं की हरलेल्या, म्हणजे प्रतिमाविरोधी पक्षाचं लेखन जवळजवळ उरलंच नाही. ७५४ च्या प्रतिमाविरोधी परिषदेचा ठराव आज वाचता येतो तो एवढ्याचसाठी, की ७८७ च्या निकिया परिषदेत तो खोडून काढण्याकरता मोठ्याने वाचला गेला आणि कामकाजात नोंदला गेला.

इथे मराठीच्या अडचणीबद्दल बोललं पाहिजे, कारण ती नुसती शब्दांची अडचण नाही. निकियाच्या परिषदेने दोन ग्रीक शब्द काटेकोरपणे वेगळे केले. ‘लात्रिया’ फक्त देवाची. ‘प्रोस्किनिसिस’ म्हणजे वाकणं, पाया पडणं, चुंबन घेणं, दिवा लावणं, धूप दाखवणं. हे प्रतिमेसमोर चालतं, कारण तो मान प्रतिमेत न थांबता ज्याची प्रतिमा आहे त्याच्यापर्यंत जातो. आता या दोन्हींना आपण सहज ‘पूजा’ म्हणू, आणि ‘आयकॉन’ला ‘मूर्ती’. तसं केलं की परिषदेचा सगळा युक्तिवाद एका शब्दात बुडतो, आणि अनुवादक नकळत प्रतिमाभंजकांच्या बाजूने साक्ष देऊन बसतो. कारण दोन्ही एकच आहेत, हाच तर त्यांचा आरोप होता. म्हणून या संग्रहात ‘लात्रिया’साठी ‘उपासना’ आणि ‘प्रोस्किनिसिस’साठी ‘वंदन’ हे शब्द शेवटपर्यंत पाळले आहेत, आणि ‘आयकॉन’ला ‘प्रतिमा’ म्हटलं आहे. ख्रिस्ती धर्मातल्या कल्पनांना मराठी शब्द शोधण्याची ही धडपड आपल्याकडे जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणायला मागेपुढे पाहिलं नाही. त्यांच्याइतकी हिंमत मला झाली नाही, आणि माझं कामही वेगळं होतं. मला ग्रीक माणूस ग्रीकच ठेवायचा होता.

प्रतिमांचा वाद ८४३ मध्ये मिटला. त्यानंतरच्या दोनशे-सव्वादोनशे वर्षांतला सगळ्यात मोठा लेखक मिखाईल प्सेल्लोस. तत्त्वज्ञ, दरबारी, काही काळ भिक्षू, पण मठात त्याचं मन फार दिवस रमलं नाही. त्याच्या ‘क्रोनोग्राफिया’त सम्राटांची कारकीर्द कमी आणि सम्राट जास्त आहेत: त्यांची दुखणी, त्यांचे रुसवे, त्यांची झोप. भक्तीकडेही तो असाच जवळ जाऊन बघतो. तिसऱ्या रोमानोसने देवमातेसाठी भव्य मठ बांधायला काढला, तर प्सेल्लोस त्याला आडून बोल लावत नाही, सरळ विचारतो: लोकांवर अन्याय करून संगमरवर रचण्यात कसली देवभक्ती? रोमानोसच्या नंतरचा चौथा मिखाईल, म्हणजे सुरुवातीच्या त्या मिरवणुकीतल्या भावांचा भाऊ, पापाच्या ओझ्याखाली गादीवर आला होता. आधीच्या सम्राटाच्या हयातीतच सम्राज्ञीशी त्याचे संबंध होते, आणि तो सम्राट न्हाणीघरात संशयास्पद रीतीने मेला होता. शिवाय मिखाईलला फेपऱ्याचा विकार होता. प्सेल्लोस सांगतो, हा सम्राट रक्तपिती झालेल्यांच्या जखमांना तोंड लावी, त्यांना मिठी मारी, स्वतःच्या हाताने आंघोळ घाली. वैराग्यांना आपला पलंग देऊन स्वतः दगड उशाला घेऊन साध्या अंथरुणावर निजे. हे सारं दुखणं बरं व्हावं म्हणून होतं, असं लोक म्हणत. प्सेल्लोसला ते पटत नाही, आणि तो सम्राटाची बाजू घेतो.

दुखणं बरं झालं नाही. १०४१ च्या डिसेंबरात मिखाईलने मुकुट उतरवून भिक्षूची वस्त्रं घेतली. त्याच दिवशीची एक गोष्ट प्सेल्लोसने टिपून ठेवली आहे. प्रार्थनेची वेळ झाली आणि नव्या भिक्षूला उठून जायचं होतं, पण भिक्षूंच्या चामडी वहाणा अजून तयार नव्हत्या. सम्राटाचे जांभळे जोडे तिथेच होते. ते त्याने घातले नाहीत. दोन्ही बाजूंनी आधार घेत तो अनवाणी चालत चर्चपर्यंत गेला. परतला तेव्हा श्वास लागला होता. थोड्याच वेळात गेला. त्याच्या सात वर्षांच्या कारकिर्दीबद्दल मी बरंच वाचलं आहे, पण मिखाईल म्हटला की मला त्या न आलेल्या वहाणा आठवतात.

याच मिखाईलची सम्राज्ञी झोई. प्सेल्लोसने तिला उतारवयात जवळून पाहिलं होतं. तिने ख्रिस्ताची एक प्रतिमा स्वतःसाठी करून घेतली होती, चकचकीत धातूने मढवलेली, जिवंत वाटावी अशी. त्या रूपाला ‘आंतिफोनितीस’ म्हणत. या शब्दाचे दोन अर्थ आहेत: उत्तर देणारा, आणि जामीन राहणारा. झोई त्या प्रतिमेला काहीही विचारी, आणि प्रतिमेचा रंग बदलला की ते उत्तर समजे. प्सेल्लोस म्हणतो, मी स्वतः तिला कितीतरी वेळा पाहिलं आहे. प्रतिमा छातीशी धरून ती माणसाशी बोलावं तशी बोलायची, लाडाची नावं एकामागून एक घ्यायची, आणि कधी जमिनीवर पडून रडायची, छाती पिटून घ्यायची. प्रतिमा फिकी दिसली की खिन्न होऊन निघून जायची. तेजाळली की लगेच सम्राटाकडे जाऊन पुढे काय होणार ते सांगायची. झोईने तीन लग्नं केली होती, एका दत्तक मुलाने तिला हद्दपार केलं होतं, आणि ज्या तिसऱ्या नवऱ्याकडे ती ही बातमी घेऊन जाई, त्याची प्रेयसी त्याच राजवाड्यात राहत होती. एवढ्या मोठ्या राजवाड्यात तिला हमखास उत्तर देणारं दुसरं कोण होतं?

प्सेल्लोसच्या निबंधांतून आणखी एक गोष्ट कळते. ब्लाखेर्नेच्या मंदिरात देवमातेच्या प्रतिमेसमोर एक पडदा असे, आणि शुक्रवारी सूर्य मावळल्यावर तो आपोआप वर उचलला जाई. त्याला ‘नित्याचा चमत्कार’ म्हणत. १०७५ मध्ये एक सेनाधिकारी आणि एक मठ यांच्यातल्या पाणचक्कीच्या वादात दोन्ही पक्षांनी या पडद्याचा निवाडा मान्य केला, आणि त्यावर प्सेल्लोसने कायदेशीर कागदाच्या शिस्तीने लिहिलं आहे. नित्याचा म्हणायचं, पण तो दर वेळी घडेच असं नाही. त्या अनिश्चितीतच त्याची सगळी ताकद होती.

आता आन्ना कोम्निनी. सम्राट पहिल्या आलेक्सियोसची ही थोरली लेक १०८३ मध्ये जन्मली, आणि वडील गेल्यावर, सत्तेपासून दूर, आईने स्थापन केलेल्या मठात राहून तिने वडिलांचा इतिहास लिहिला. ‘आलेक्सियाद’ हे त्या ग्रंथाचं नाव. संग्रहात सगळ्यात जास्त पानं तिला दिली आहेत. ती वडिलांना देव मानते, आणि तरीही देवाने वडिलांना काय दिलं नाही, तेही लिहून ठेवते.

तिच्या आजीचा प्रसंग आधी वाचावा. १०८१ च्या फेब्रुवारीत आलेक्सियोस बंड करून पळाला, आणि त्याची आई आन्ना दालासिनी घरातल्या बायकांना घेऊन हागिया सोफियाच्या आश्रयाला गेली. सम्राटाची माणसं तिला बाहेर काढायला आली. म्हातारपणाने वाकल्यासारखी ती हळूहळू पुढे गेली, दोनदा गुडघे टेकले, तिसऱ्यांदा जमिनीवर बसून गर्भगृहाचं दार घट्ट धरलं, आणि म्हणाली की हात तोडल्याशिवाय मी इथून हलणार नाही. जिवाची हमी म्हणून सम्राटाचा क्रूस मिळाला तरच बाहेर येईन. सरदाराने गळ्यातला क्रूस काढून दिला. तिने तो घेतला नाही. हमी सम्राटाची हवी, आणि क्रूस छोटासा नको, चांगला मोठा हवा, शपथ घेतल्याचं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे. सम्राटाने तसा क्रूस पाठवला. या बाईची श्रद्धा लटकी होती, असं मला क्षणभरही वाटत नाही. पुढे राजवाड्यातल्या अंतःपुरात प्रार्थनेच्या वेळा बांधून देणारी हीच. क्रूस पवित्र आहे म्हणूनच तो साक्षीदारांच्या नजरेत भरला पाहिजे, हे ती जाणून होती. तिच्या लेखी देव आणि राजकारण एकाच खोलीत राहत होते.

आलेक्सियोसही तिचाच मुलगा. कुमान टोळ्यांवर चालून जावं की नाही, यावर त्याने हागिया सोफियाच्या वेदीवर देवाला कौल लावला. ‘जावं’ आणि ‘जाऊ नये’ अशा दोन मोहोरबंद चिठ्ठ्या वेदीवर ठेवल्या, रात्रभर स्तोत्रं गायली गेली, आणि पहाटे पॅट्रिआर्कने त्यांतली एक उचलून सगळ्यांसमोर वाचली. हा झाला मिळालेला कौल. पण त्याआधी, १०८७ मध्ये डॅन्यूब नदीकाठी द्रिस्त्राच्या लढाईत पेचेनेग घोडेस्वारांनी सैन्याची वाताहत केली, तेव्हा आलेक्सियोसच्या एका हातात तलवार होती आणि दुसऱ्या हातात देवमातेचं वस्त्र, निशाणासारखं धरलेलं. सोसाट्याचा वारा होता. जखमी अवस्थेत, पाठलाग चुकवताना, ते वस्त्र त्याला धरवेना. त्याने ते घडी करून झुडपाच्या पानोळ्यात लपवलं आणि रात्रभर घोडा दामटला. ६२६ मध्ये ज्या देवमातेने शहर राखलं, तिचंच वस्त्र एका अनोळखी माळरानावर झुडपात ठेवून पळणारा सम्राट! त्याच्या लेकीने हे लपवलं नाही. वस्त्र शत्रूच्या हाती पडू नये म्हणून केलेली ती शेवटची सेवा होती, असं तिच्या शब्दांतून मला वाटतं.

आणि ११०७ चा शुक्रवार. नॉर्मन सरदार बोहेमोंद याच्याविरुद्ध मोहिमेवर निघताना ब्लाखेर्नेचा पडदा हलला नाही. सम्राट शहराबाहेर पडला होता, पण त्याचे पाय पुढे जाईनात. चार दिवस तो जवळच मुक्काम टाकून राहिला. मग सूर्य मावळल्यावर, सम्राज्ञीला आणि मोजक्या माणसांना घेऊन, गाजावाजा न करता मागे फिरला. मंदिरात गेला, नेहमीची स्तोत्रं म्हटली, काकुळतीने प्रार्थना केली, आणि पडदा उचलला गेला. तेव्हा तो मोहिमेवर गेला. बोहेमोंदला पुढल्या वर्षी तह करावा लागला, त्यामुळे आन्नाला ही गोष्ट सांगणं सोपं गेलं असेल. मला त्यातले मधले चार दिवस महत्त्वाचे वाटतात. सैन्य खोळंबलेलं, सरदार वाट पाहणारे, आणि अर्ध्या जगाला घाबरवणारा एक माणूस तंबूत बसून आहे, कारण एक कापड हललं नाही.

निकितास खोनियातीस या इतिहासकाराच्या ग्रंथात हा धागा तुटतो. त्याच्या सुरुवातीच्या पानांत, ११३३ च्या विजयोत्सवात, सम्राट दुसरा योआन्नीस चांदीच्या रथावर स्वतः बसत नाही. देवमातेची प्रतिमा बसवतो आणि हातात क्रूस घेऊन पुढे चालतो. सम्राट जिला आपली सह-सेनापती मानत, अशी एक प्रतिमा १२०४ मध्ये रणांगणावर लॅटिन क्रूसयोद्ध्यांच्या हाती पडली. त्या एप्रिलच्या १३ तारखेला शहर पडलं. हागिया सोफियात वेदी फोडली गेली, चांदी लादण्यासाठी खेचरं आत आणली, आणि गुळगुळीत फरशीवर ती घसरली, तेव्हा तिथेच त्यांच्यावर शस्त्रं चालली. खोनियातीसचा वाडा जळाला होता. पाचव्या दिवशी बायकामुलांना घेऊन तो शहराबाहेर पडला, आणि तटाकडे वळून त्याने तटालाच जाब विचारला: राखायचं होतं ते उरलं नाही, मग तुम्ही अजून उभे कशाला? ज्या तटावर ६२६ मध्ये ती बाई धावली होती, तोच हा तट. त्याआधीची एक गोष्टही तो दुःखाने सांगतो. अथेनाचा एक उंच कांस्यपुतळा लोकांनी फोडला, का तर तिचा पुढे केलेला हात पश्चिमेच्या सैन्याला बोलावतो आहे, असं त्यांना वाटलं. वंदन आणि धास्ती यांत किती थोडं अंतर असतं, हे तो न बोलता दाखवतो.

१२६१ मध्ये शहर परत मिळालं, त्याचा वृत्तांत थोडक्यात दिला आहे, कारण तो छोटाच आहे. १५ ऑगस्ट, देवमातेचा सण. सम्राट आठव्या मिखाईलने ठरवलं, प्रवेश राजासारखा नको, देवाचे उपकार मानणाऱ्यासारखा हवा. इतिहासकार येओर्गियोस आक्रोपोलितीस याने त्यासाठी स्वतः १३ प्रार्थना रचल्या. सुवर्णद्वाराच्या बुरुजावरून त्या म्हटल्या गेल्या; प्रत्येक प्रार्थनेला सम्राट बोडक्या डोक्याने गुडघे टेकत होता. मग ‘ओदिगित्रिया’, म्हणजे वाट दाखवणारी, ही देवमातेची प्रतिमा पुढे आणि तिच्या मागे सम्राट पायी.

शेवटचा उतारा दूकास या लेखकाचा. १४५३ मध्ये तो शहरात नव्हता. ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून ऐकून त्याने लिहिलं. आदल्या वर्षी १२ डिसेंबरला हागिया सोफियात रोमच्या चर्चशी एकी जाहीर झाली, तेव्हापासून शहरातले बरेच लोक त्या मंदिराची पायरी चढत नव्हते, त्याला भुतांचं घर म्हणत होते. दूकास एकीच्या बाजूचा, त्याला हे सहन होत नव्हतं. वेढ्याच्या अखेरीस मिरवणुकीत देवमातेची प्रतिमा हातांतून निसटली आणि शिशासारखी जड होऊन उचलेना, अशी एक हकिकत क्रितोवुलोस या दुसऱ्या इतिहासकाराने दिली आहे. त्यानंतर मुसळधार पाऊस आणि गाराही पडल्या. २९ मेच्या पहाटे तट फुटला. ओदिगित्रियाची प्रतिमा तटाजवळच्या खोरा मठात आणून ठेवली होती. दूकास लिहितो, सैनिकांनी कुऱ्हाडीने तिचे चार तुकडे केले आणि वाटून घेतले.

आणि लोक हागिया सोफियात धावले. त्यांच्यात पूर्वीपासून एक भाकीत चालत आलं होतं: शत्रू शहरात घुसून कॉन्स्टँटाइनच्या स्तंभापर्यंत येईल, तिथे आकाशातून एक देवदूत उतरेल, स्तंभाच्या पायथ्याशी बसलेल्या एका अनाम, गरीब माणसाच्या हातात तलवार देईल, आणि तिथून शत्रू मागे हटू लागेल. स्तंभ ओलांडून पलीकडे मंदिरात पोचलेला वाचला, असा हिशोब. म्हणून बाया, मुलं, म्हातारे, भिक्षू, सगळे आत शिरले आणि दारं लावून घेतली. दूकास त्यांच्यावर चिडतो, काल या मंदिराला काय म्हणत होता ते त्यांना सुनावतो. पण ते भाकीत, जे खोटं आहे असं तो स्वतः म्हणतो, त्याने तपशिलासकट लिहून ठेवलं आहे: देवदूत, तलवार, आणि तो गरीब माणूस. स्तंभ आज इस्तंबूलमध्ये आहे, आगीने काळवंडलेला, लोखंडी कड्यांनी आवळलेला. त्याच्या शेजारून ट्राम जाते.